विद्यापीठाचा आंबा आणि आपली बाग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'विद्यापीठातलं संशोधन सामान्य माणसाच्या कामाला येतं का?' माझी सगळी नोकरी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात, उद्यानविद्येत झाली. तेव्हा मी आंब्यावरच बोलणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. शिवाय इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची कलमं आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना मे महिन्यात आमची आठवण येते.

आपल्या आजोबांच्या वेळी भेट कलम बांधायचे. कुंडीतलं रोप मोठ्या झाडाच्या फांदीशी न्यायचं, त्यासाठी मचाण घालायचं, दोघांची साल तासून एकत्र बांधायची आणि सांधा जुळेपर्यंत महिनोन्‌महिने त्या कुंड्यांना वर चढून पाणी घालायचं. एका झाडावर कलमं होणार किती, तर हाताशी येणाऱ्या फांद्या असतील तेवढी. विद्यापीठ स्थापन झालं १९७२ साली. त्यानंतर इथल्या लोकांनी कोय कलमाची पद्धत कोकणात घट्ट बसवली. पावसाळ्यात कोय रुजवायची, रोपाची पानं तांबूस कोवळी असतानाच शेंडा छाटायचा, मधोमध खाच द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती खाचेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचं. बस्स. लागतो तो एक धारदार चाकू आणि सवयीचा हात. १९९० साली सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली, तेव्हा एकदम प्रचंड प्रमाणात कलमं लागली. भेट कलमावर अवलंबून राहिलो असतो तर ती योजना कागदावरच राहिली असती. आज कातळावर सुरुंग लावून, माती भरून उभ्या केलेल्या ज्या बागा दिसतात, त्यांच्यामागे ही पाचर आहे.

दुसरं उदाहरण झेल्याचं. जुन्या झेल्याने आंबा ओढला की देठ तुटायचा, चीक सालीवर ओघळायचा आणि आंबा पिकताना तिथे काळा डाग पडायचा. देठाच्या जागेतून कूज शिरायची ती वेगळीच. विद्यापीठाने 'नूतन झेला' केला. त्याला पातं आहे, त्यामुळे आंबा दोन-तीन सेंटिमीटर देठासकट उतरतो. यावर कोणाला पुरस्कार मिळाला असेल असं वाटत नाही, पण गड्याच्या हाताला तो झेला पटला आणि बागेत राहिला.

आता तिसरं उदाहरण घेतो, आणि इथे गंमत आहे. हापूसचा साका तुम्हाला माहीत आहे. बाहेरून सोन्यासारखा आंबा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. पाहुण्यांसमोर कापल्यावर तोंड लपवायला जागा नसते. जमिनीची तापलेली धग आणि फळ झाडावर फार पक्व होऊ देणं, या दोन्हींनी तो वाढतो. म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन घाला, आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवा, असं आम्ही सांगतो. पण मुळातूनच साका नको म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला. वर्ष १९८१. साका नाही, रेषा नाही, फळ मोठं. शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न सुटला! बाजाराने मात्र विचारलं, 'हा हापूस आहे का?' नाही. मग झालं. गिऱ्हाईक साक्याची जोखीम घेऊन हापूसच मागतं. रत्ना चांगला आंबा आहे, ज्यांच्या परसात आहे ते खूश असतात, पण हापूसची जागा त्याने घेतली नाही. याला मी संशोधनाचं अपयश म्हणत नाही. लोकांना नुसतं निर्दोष फळ नको होतं, त्यांना त्यांचाच आंबा निर्दोष हवा होता.

आणि आता ज्यासाठी मी खरा उभा राहिलो, ते कल्टार. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष दगा देतो. पॅक्लोब्युट्राझोल नावाचं हे रसायन झाडातल्या जिबरेलिनची निर्मिती रोखतं, त्यामुळे पालवीचा जोर थांबतो आणि मोहोर येतो, तोही थोडा लवकर. विद्यापीठाने हापूसवर वर्षानुवर्षं प्रयोग करून शिफारस दिली : झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा आणि दर मीटरला ३ मिलिलिटर कल्टार द्यायचं. आठ मीटरच्या कलमाला २४ मिलिलिटर. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती छोटे खड्डे घेऊन ओतायचं. झाड सशक्त हवं आणि खताची मात्रा पूर्ण हवी. कारण जे झाड दरवर्षी फळ देणार, त्याला दरवर्षी खायलाही लागणार.

ही शिफारस बरोबर आहे. तरी मी गावोगाव अशी कलमं पाहिली आहेत की ज्यांची पालवी आखडून झुपक्यासारखी झाली आहे, फांद्या वाळत आहेत. कारण विचारलं की उत्तर एकच असतं : बाग कराराने दिली आहे. मालक मुंबईत, करार एक-दोन वर्षांचा. घेणाऱ्याला आपले पैसे या हंगामातच काढायचे आहेत. तो चोवीसऐवजी पन्नास मिलिलिटर ओततो आणि खताला हात आखडता घेतो. हे रसायन मातीत दीर्घकाळ राहतं, त्यामुळे या वर्षीच्या जास्त मात्रेचा हिशेब झाड पुढची काही वर्षं देत बसतं. तोवर बाग दुसऱ्याकडे गेलेली असते. मी करार घेणाऱ्याला दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, अवकाळी पाऊस आहे, फुलकिडे आहेत, माकडं आहेत. पण या दुखण्यावर कुठल्याही प्रयोगशाळेत औषध मिळणार नाही. आम्ही मात्रा शोधून काढली, पण ती ओतणाऱ्या माणसाचं आणि त्या झाडाचं नातं किती दिवसांचं, हा आमच्या प्रयोगाचा भागच नव्हता. माझ्या मते विद्यापीठांनी आता तोही अभ्यास करायला हवा. शेतीशास्त्राने करारनाम्यात नाक खुपसू नये असं काही सहकारी म्हणत. मला ते कधी पटलं नाही.

इथे मुंबई-पुण्याहून आलेले, बागा कराराने दिलेले आपले बरेच मित्र बसले आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. एक वर्षाचा करार करू नका, निदान पाच वर्षांचा करा. दर थोडा कमी आला तरी चालेल. करारनाम्यात झाडवार व्यास आणि कल्टारची मात्रा लिहून घ्या. शेणखत आणि रासायनिक खत कोणी घालायचं, किती घालायचं, तेही लिहा. जुलैअखेर, ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा स्वतः या. गणपतीला येताच, त्याआधी एक रविवार काढा. टेप घ्या, पाच-दहा झाडांचा विस्तार मोजा, बाटल्या किती उघडल्या ते विचारा. घेणाऱ्याला राग येईल असं वाटतं, पण अनुभव उलटा आहे. मालक लक्ष घालतो म्हटल्यावर चांगला माणूस जास्त दिवसांचा करार आपणहून मागतो.

ज्यांची कलमं आधीच आखडली आहेत त्यांनी या पावसाळ्यात कल्टार पूर्ण बंद ठेवावं, शेणखत वाढवावं आणि वाळक्या फांद्या काढून झाडात ऊन खेळू द्यावं. झाडाचा फोटो काढून आणला असेल तर जेवणाच्या पंगतीत दाखवा, मी सरांच्या शेजारीच बसणार आहे.