भूल आणि निद्रा : थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरची रात्र



या स्मृतिव्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या गुरुजींनी हैदराबादेत राहून मराठीतून विज्ञान शिकवले. शास्त्राची गोष्ट आपल्या भाषेत सांगता आली तरच ती आपल्याला कळली, असा त्यांचा दंडक होता. त्या दंडकाला आज मी कितपत उतरतो, हे आपणच ठरवावे.

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. लोकांना झोपवणे हा माझा धंदा, असे मित्र थट्टेने म्हणतात. तेव्हा माझे व्याख्यान ठेवताना आयोजकांच्या मनात थोडी धास्ती असल्यास नवल नाही! परंतु मी लोकांना झोपवतो हे खरे नाही, आणि ते का खरे नाही हेच आजच्या विवेचनाचे सूत्र आहे. त्यासाठी मी थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घेतले आहे. गलगंड, ग्रंथीतील गाठ किंवा कर्करोग यांसाठी होणारी ही शस्त्रक्रिया आज बरीच सुरक्षित झाली आहे. स्त्रियांमध्ये ग्रंथीचे विकार अधिक असल्याने आपल्यापैकी अनेकांच्या घरात ती कोणाची ना कोणाची झालेली असेल. आणि पुष्कळदा रुग्ण नंतर मला विचारतात, “डॉक्टर, तुमच्या भुलेपासून माझी झोपच उडाली. असे का?”

रुग्णाच्या शिरेत औषध सोडताना आम्ही म्हणतो, “आता तुम्हाला झोप लागेल.” धीर देण्यापुरते ते ठीक आहे. शास्त्रदृष्ट्या मात्र निद्रा आणि भूल या दोन वेगळ्या अवस्था आहेत. झोपलेल्या माणसाला हाक मारली किंवा चिमटा काढला, तर तो जागा होतो. भुलेतल्या माणसाच्या गळ्यावर सुरी चालली तरी तो जागा होत नाही, आणि होऊ नये म्हणूनच भूल असते. झोपेत माणूस आपला श्वास आपण घेतो, लाळ गिळतो, कूस बदलतो. पूर्ण भुलेत ही सारी कामे त्याच्या वतीने आम्हाला करावी लागतात.

निद्रेला स्वतःची अशी चाल आहे. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख प्रसिद्ध केला आणि निद्रेच्या अभ्यासाचे दार उघडले. 1953 मध्ये शिकागो येथे असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलू लागतात, आणि अशा वेळी जागे केल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. हिला आपण स्वप्ननिद्रा म्हणू. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्ननिद्रा असे एक आवर्तन सुमारे 90 मिनिटांचे असते. रात्रीतून अशी चार-पाच आवर्तने होतात. पूर्वरात्री गाढ झोप अधिक, उत्तररात्री स्वप्ननिद्रा अधिक. भुलेत ही आवर्तने नसतात. औषध जितके द्यावे तितका आलेख दबत जातो, आणि मात्रा फार वाढली तर मधूनमधून अगदी सपाटही होतो.

आता औषधांकडे वळू. प्रोपोफॉल हे शिरेतून देण्याचे औषध आणि सेव्होफ्लुरेन हा श्वासातून देण्याचा वायू, ही दोन्ही मेंदूतील गाबा नावाच्या शमन करणाऱ्या रसायनाचे बळ वाढवतात. निद्राकेंद्रे हेच रसायन वापरतात, म्हणून भूल आणि झोप यांचे थोडे नाते आहे. दुसरा वर्ग मॉर्फिन, फेंटॅनिल अशा अफूवर्गीय वेदनाशामकांचा. ही औषधे वेदना उत्तम शमवतात, पण गाढ झोप आणि स्वप्ननिद्रा दोन्ही कमी करतात, शिवाय श्वास मंद करतात. तिसरे औषध डेक्समेडेटोमिडीन. मेंदूच्या देठात जागृतीचा पहारा करणारे एक केंद्र आहे, त्यालाच ते शांत करते. त्यामुळे या औषधाखालचा विद्युत आलेख हलक्या नैसर्गिक झोपेच्या आलेखाशी पुष्कळ जुळतो आणि हाक मारली असता रुग्ण डोळेही उघडतो.

मग झोप उडते ती भुलेच्या औषधांमुळे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा सरळ मार्ग कॅनडातील निल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवलंबिला. शस्त्रक्रिया न करता निरोगी स्वयंसेवकांना आयसोफ्लुरेनची भूल दिली, तेव्हा त्यांच्या झोपेत पडलेला फरक अल्प होता आणि तो लवकरच मिटला. हे 1988 सालचे निष्कर्ष. 1990 मध्ये त्यांनी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे आलेख प्रसिद्ध केले. तेथे मात्र पहिल्या एक-दोन रात्री स्वप्ननिद्रा जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि त्यानंतर ती साठलेली बाकी वसूल करावी तशी जोराने परतली. याचा अर्थ स्पष्ट आहे. झोपेचा मोठा चोर भूल नसून जखम आहे. जखमेमुळे शरीरात उसळणारी दाहक द्रव्ये, कॉर्टिसोलसारखे तणावाचे स्राव, वेदना, वेदनेवर दिलेली अफूवर्गीय औषधे, वॉर्डातला उजेड आणि गोंगाट, हे सारे मिळून ती चोरी करतात.

थायरॉइडची जखम पोटाच्या जखमेएवढी मोठी नसते आणि वेदनाही त्या मानाने बेताची असते. तरी ती पहिली रात्र अवघड जाते. शस्त्रक्रियेत मान मागे ताणून ठेवलेली असते, म्हणून ती आखडते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीने घसा खवखवतो, गिळताना दुखते. मळमळ आणि वांती या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः स्त्रियांना, बऱ्याचदा होते. डोके उंच ठेवून निजावे लागते. शिवाय सिस्टर वारंवार येऊन नाडी, श्वास, आवाज आणि मान तपासतात. रुग्णाचा डोळा लागला की नेमके कोणीतरी उठवते.

आणि येथेच खरा पेच आहे. उठवायचे की निजू द्यायचे? थायरॉइडला रक्तपुरवठा विपुल असतो. क्वचित प्रसंगी शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या आत रक्त साठते. बहुतेक वेळा हे पहिल्या 24 तासांत, त्यातही पहिल्या काही तासांत घडते. मानेच्या बंदिस्त जागेत रक्त साठले की आतील ऊती सुजतात आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो. या संकटाचे पहिले लक्षण पुष्कळदा एवढेच असते, की रुग्ण अस्वस्थ आहे, त्याला पडून राहवत नाही, झोप येत नाही.

एका रुग्णालयातील असा प्रसंग मी विसरू शकत नाही. रात्री अकराच्या सुमारास एका बाईंच्या मुलाने काकुळतीने सांगितले, “आई सारखी उठून बसते आहे, तिला झोपेचे इंजेक्शन द्या.” ड्यूटीवरच्या सिस्टरने इंजेक्शन आणण्याआधी दिवा लावून मान पाहिली. मान तटतटली होती, आवाज बदलला होता. तिने आम्हाला तातडीने हाक दिली. पलंगावरच टाके उघडून साठलेले रक्त काढले, आणि बाईंना पुन्हा थिएटरमध्ये नेले. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. त्या रात्री झोपेचे इंजेक्शन दिले असते तर त्या शांत झाल्या असत्या, आणि ती शांतता कायमची ठरली असती.

दुसरे कारण कॅल्शियमचे. थायरॉइडच्या मागे चार लहान पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांना धक्का पोहोचला तर एक-दोन दिवसांत रक्तातले कॅल्शियम उतरते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हातपाय वळतात. हा रुग्णही “झोप लागत नाही” एवढेच सांगतो. त्याला हवे असते कॅल्शियम, झोपेची गोळी नव्हे.

या संदर्भात आपल्या शहराचा इतिहास आठवतो. मॉर्टन यांनी 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टन येथे ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेही मानेवरच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आला आणि त्याबरोबर आकस्मिक मृत्यूही आले. क्लोरोफॉर्म आधी हृदय थांबवतो की श्वास, हा वाद निकालात काढण्यासाठी हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी निजाम सरकारच्या आश्रयाने 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग चालवले. आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासाकडे पाहा, असा त्यांचा निर्णय होता. हृदयाविषयीचा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. 1911 मध्ये लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मने हृदयाचे ठोके प्राणघातक रीतीने बिघडू शकतात हे दाखवून दिले. पण श्वासावर नजर ठेवण्याचा हैदराबादचा धडा मात्र आजही प्रत्येक भूलतज्ज्ञ गिरवतो. थायरॉइडच्या पहिल्या रात्री तर तो अक्षरशः लागू पडतो.

मग झोपेसाठी काही करायचेच नाही का? करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्याची सुरुवात आधीपासून होते. ग्रंथीचा स्राव जास्त असेल तर रुग्णाची झोप आधीच उडालेली असते. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील क्राइल यांनी अशा रुग्णांना भीतीपासून वाचवण्यासाठी त्यांच्या नकळत, त्यांच्याच खोलीत भूल देण्याची युक्ती काढली होती. आज आपण औषधांनी स्राव ताब्यात आणून मगच शस्त्रक्रिया करतो, आणि काय होणार आहे ते रुग्णाला नीट समजावून सांगतो. थिएटरमध्ये जखमेच्या जागी बधिर करणारे औषध टोचले आणि पॅरासिटामॉलसारख्या वेदनाशामकांची जोड दिली, तर अफूवर्गीय औषधे थोडक्यात भागतात. वांती रोखणारी औषधे आधीच देता येतात.

डेक्समेडेटोमिडीनबद्दल आशा वाटावी अशी माहिती पुढे येत आहे. 2016 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चीनमधील अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या 700 वृद्ध रुग्णांपैकी निम्म्यांना हे औषध अत्यल्प मात्रेत दिले. त्यांच्यात भ्रम होण्याचे प्रमाण 23 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आले, आणि झोपही सुधारल्याचे त्यांनी सांगितले. परंतु ते अतिदक्षता विभागातले वृद्ध रुग्ण होते. थायरॉइडच्या एरवी निरोगी रुग्णाला तोच हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही. या औषधाने नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो, म्हणून ते देखरेखीखालीच द्यावे लागते.

बाकीचे उपाय बिनखर्चाचे आहेत. रात्री वॉर्डातले दिवे मंद करावेत. नाडी, रक्तदाब, औषध, तपासणी ही कामे शक्य तेथे एकाच फेरीत उरकावीत, म्हणजे मधला काळ रुग्णाला अखंड मिळेल. सकाळी खिडकीचा पडदा बाजूला सारावा, कारण शरीराचे घड्याळ उजेडावर लागते. भेटीला येणाऱ्यांनी, आणि हे मी आपणा सर्वांना उद्देशून म्हणतो, थोडक्यात भेट आटोपावी.

शेवटी, आठवड्यांनंतर होणाऱ्या तक्रारीविषयी. स्वित्झर्लंडचे कोखर, ज्यांना थायरॉइडवरील कार्यासाठी 1909 चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी 1883 मध्येच नोंदवले होते की संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे मंद आणि सुस्त होतात. आज त्यावर थायरॉक्सिनची गोळी आहे. तिची मात्रा जास्त झाली तर छाती धडधडते आणि झोप उडते, कमी पडली तर दिवसभर सुस्ती येते आणि रात्री घोरणे वाढते. हे औषध शरीरात संथपणे चढते-उतरते, म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासतात. भुलेची औषधे तोवर शरीरातून केव्हाच निघून गेलेली असतात. तेव्हा महिन्याभरानंतरच्या निद्रानाशाचा दोष भुलेला देत बसू नका, गोळीची मात्रा तपासून घ्या.

मित्रहो, भूल आम्ही देऊ शकतो. झोप देता येत नाही, ती आपल्या पायांनी येते. तिची वाट मोकळी करणे एवढेच आमच्या आणि तुमच्या हाती आहे. कधी आप्ताच्या उशाशी रात्र काढण्याची वेळ आली आणि त्याला झोप येत नसेल, तर घरून आणलेली झोपेची गोळी हातावर ठेवू नका. त्याला का झोप येत नाही, हे आधी विचारा आणि सिस्टरला बोलवा.