एस्पोसितो : एका आडनावाची जन्मकथा



आडनाव हा वारसा आहे असे आपण मानतो. घर, शेत, दागिने यांप्रमाणे ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येते. परंतु ज्या अर्भकाची आई कोण आणि बाप कोण हेच कोणाला ठाऊक नाही, त्याला आडनाव कोणी द्यावयाचे, आणि कोणते द्यावयाचे? आज मी ज्या आडनावाविषयी बोलणार आहे, ते म्हणजे या प्रश्नाला नेपल्स शहराने दिलेले उत्तर होय. ते आडनाव आहे ‘एस्पोसितो’.

इटलीतील बहुसंख्य आडनावे सहज उलगडतात. ‘रोस्सी’ म्हणजे तांबूस. पूर्वज लाल केसांचा असावा. दक्षिणेतील ‘रूसो’चा अर्थही तोच. ‘फेरारी’चे मूळ लोहारकामात आहे, तर ‘रोमानो’चे रोम नगरात. रूप, धंदा, गाव किंवा बापाचे नाव या चारांपैकी एका खुंटीला आडनाव टांगलेले असते. आपल्याकडेही याहून फार वेगळी स्थिती नाही. एस्पोसितो मात्र यांपैकी कोणत्याच खुंटीला टांगता येत नाही.

त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘एक्स्पोसितुस’ या शब्दात आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे; तेव्हा एक्स्पोसितुस म्हणजे बाहेर ठेवलेला, उघड्यावर टाकलेला. प्राचीन रोममध्ये नकोशा अर्भकाला उघड्यावर ठेवून जाण्याची चाल होती, आणि तिच्यासाठी हाच शब्द योजीत असत. आजच्या इटालियन भाषेत या क्रियापदाचे रूप ‘एस्पोस्तो’ असे होते. आडनावात मात्र जुने लॅटिन वळण टिकून राहिले आहे. बोलीतील शब्द झिजला, नाव तसेच राहिले.

आता नेपल्सकडे वळू. चौदाव्या शतकात तेथे ‘अन्नुन्त्सियाता’ या नावाची एक धर्मादाय संस्था उभी राहिली. चर्च, रुग्णालय आणि टाकलेल्या मुलांचे आश्रयस्थान असे तिचे तिहेरी स्वरूप होते. तिच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसविलेले होते. त्याला ‘रुओता’, म्हणजे चक्र, असे म्हणत. पिंपाची एक बाजू उघडी असे. रस्त्यावरून येणारी व्यक्ती त्यात मूल ठेवी आणि पिंप फिरवी. मूल भिंतीपलीकडे जाई आणि आतील परिचारिका ते उचलून घेई. ठेवणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्याला दिसत नसे. अशा चक्राची प्रथा पोप तिसरे इनोसंट यांच्या काळी, बाराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये सुरू झाली, असे परंपरा सांगते. नदीत किंवा उकिरड्यावर मुले सापडू नयेत, हा तिचा हेतू होता.

आत आलेल्या मुलाची वहीत नोंद होई. ते कोणत्या दिवशी आले, अंगावर कोणते कपडे होते, सोबत काही खूण होती काय, हे लिहून ठेवीत. कधी गळ्यात पदकाचा अर्धा तुकडा असे. उरलेला अर्धा आईबापांनी जवळ ठेवलेला असे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ही सारीच मुले अनौरस नव्हती. दारिद्र्यामुळे पोसणे अशक्य झालेल्या विवाहित जोडप्यांची मुलेही त्यांत होती, आणि दिवस पालटल्यावर मूल परत न्यावे अशी आशा काही आईबाप बाळगून होते. अशी परत गेलेली मुले थोडीच. पुष्कळशी बालपणीच दगावत. जी जगत, त्यांतील मुलगे कारागिरांकडे काम शिकावयास जात आणि मुलींच्या विवाहाच्या वेळी संस्था हुंडा देई.

वहीत नोंद करावयाची तर नाव हवे. बाप्तिस्म्याचे नाव देणे सोपे होते. आडनावाच्या जागी ‘एस्पोसितो’ असे लिहिले जाई. प्रारंभी ते आडनाव नव्हतेच. ते केवळ मुलाच्या स्थितीचे वर्णन होते. परंतु सोळाव्या शतकात ट्रेंट येथील धर्मपरिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला आणि लिहिलेले नाव पुढच्या पिढीच्या नोंदीत उतरू लागले. टाकलेल्या मुलाचा मुलगा स्वतः आईबापांच्या घरी वाढला, तरीही त्याच्या नावापुढे ‘टाकलेला’ हाच शब्द आला.

इतर शहरांनीही हेच केले. शब्द मात्र निराळे वापरले. फ्लॉरेन्समधील ‘इन्नोचेन्ती’ या बालगृहाची इमारत ब्रुनेलेस्की यांच्या आराखड्याप्रमाणे १४१९ साली बांधावयास घेतली गेली, आणि १४४५ साली तेथे पहिले मूल आले. तेथील मुलांना ‘इन्नोचेन्ती’, म्हणजे निष्पाप, हे आडनाव मिळाले. रोमकडील ‘प्रोयेत्ती’चा अर्थ फेकलेला. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचे बोधचिन्ह कबुतर होते, म्हणून तेथील मुले ‘कोलोम्बो’ झाली. अर्थात प्रत्येक कोलोम्बो त्या मुलांच्या वंशातील नव्हे. ख्रिस्तोफर कोलंबस याचे आडनाव हेच होते, आणि तो जेनोआच्या एका विणकराचा मुलगा होता. हे शब्द शेजारी ठेवून पाहिले म्हणजे शहराशहरांच्या दृष्टीतील फरक कळतो. एकाने मुलावर घडलेला अन्याय नोंदविला, दुसऱ्याने मुलाची निर्दोषता.

नेपल्सच्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना डागले. विवाह ठरविताना, काम मागताना नाव उच्चारताच जन्माची कथा उघडी पडे. फ्रेंच सेनानी झोआकिम म्यूरा १८०८ ते १८१५ या काळात नेपल्सचा राजा होता. त्याच्या राजवटीत टाकलेल्या मुलांना हे आडनाव देण्यास मनाई करण्यात आली. त्यानंतर नोंद करणारे प्रत्येक मुलासाठी निरनिराळी आडनावे योजू लागले. अन्नुन्त्सियाताचे चक्र १८७५ साली बंद झाले. स्पेनमध्येही या नावाचे भावंड आहे, ‘एक्स्पोसितो’. ते बदलून घेण्याची मुभा तेथील कायद्याने १९२१ साली दिली.

मनाईमुळे नवी भर थांबली. परंतु तोवर हे नाव हजारो कुटुंबांत रुजले होते. एकाच संस्थेने शतकानुशतके एकच आडनाव दिल्याचा हा परिणाम होय. आज नेपल्समध्ये हे सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे, आणि अखिल इटलीतही त्याची गणना पहिल्या काही आडनावांत होते. मार्गारिता पिझ्झाच्या १८८९ सालच्या प्रसिद्ध कथेतील पाककर्ता राफाएले एस्पोसितो; तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोसितो यांचा जन्म १९५० चा. स्थलांतरितांबरोबर हे नाव अटलांटिकपार गेले. कॅनडाचे बर्फावरील हॉकीचे नामांकित खेळाडू फिल एस्पोसितो १९४२ साली जन्मले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एखाद्याचे आडनाव एस्पोसितो आहे एवढ्यावरून त्याच्या रक्ताविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाला १०२४ पूर्वजांची स्थाने मोजावी लागतात, आणि आडनाव त्यांपैकी एकाच स्थानावरून आलेले असते. ज्यांना कलंक मानून दूर ठेवले, त्यांच्याशी सोयरीक झालेली शेकडो घरे आज वेगळ्या आडनावांनी वावरत असतील.

मग डाग पुसला कोणी? राजाज्ञेने त्याची वाढ थांबविली, हे खरे. परंतु जे आधीच एस्पोसितो होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी नाव टाकून दिले नाही. त्यांनी मासे विकले, भाकरी भाजली, घरे बांधली, मुले शाळेत घातली. पाहता पाहता प्रत्येक गल्लीत एक एस्पोसितो झाला, आणि ज्या शब्दाने एकाला वेगळे काढावयाचे होते तो शब्द वेगळे काढण्यास निरुपयोगी ठरला.

तरीही हे काम काळावर सोपविणे योग्य नव्हे, कारण त्याला कित्येक पिढ्यांचे दुःख मोजावे लागले. इटलीच्या २००० सालच्या नागरी नोंदणीच्या नियमांत एक कलम आहे. आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला, त्याच्या जन्माची परिस्थिती सूचित होईल असे नाव वा आडनाव देण्यास ते मनाई करते. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने वहीत लिहिलेला एक शब्द माणसाबरोबर किती दूर चालत जातो, याचा अनुभव त्या एका कलमामागे आहे.