घरच्या संगणकाचा मदरबोर्ड

तयार संगणक विकत आणणें आणि एकेक भाग निवडून तो घरीं जुळविणें यांत, भाड्याची जागा घेणें आणि स्वतःचें घर बांधणें यांच्याइतकें अंतर आहे. दुसऱ्या मार्गांत श्रम अधिक. पण खोली कोठें काढावी, खिडकी कोणत्या भिंतीला ठेवावी, हें ठरविण्याची मोकळीक मालकाला मिळते. मात्र घर बांधणारा जसा आधीं पाया पाहतो, तसा संगणक जुळविणारा पाहतोच असें नाहीं. प्रोसेसर किती वेगाचा, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतें, याची चौकशी तो आठवडेच्या आठवडे करतो. आणि हे सर्व भाग ज्यावर बसावयाचे, त्या मदरबोर्डाविषयीं दुकानदाराला सांगतो, ‘तुमच्याकडे असेल तो द्या.’

या उदासीनतेला कारण आहे. मदरबोर्ड स्वतः गणित करीत नाहीं, चित्र काढीत नाहीं, कागदपत्रें सांठवीतही नाहीं. दोन चांगल्या बोर्डांवर एकच प्रोसेसर बसवून पाहिला, तर नेहमींच्या कामांत वेगाचा फरक जाणवतही नाहीं. इतरांना एकत्र आणणें, त्यांना वीज पुरविणें आणि त्यांच्यांतले निरोप पोंचविणें हें त्याचें काम. म्हणूनच त्याची निवड चुकली तर तें पहिल्या दिवशीं कळत नाहीं, तीन-चार वर्षांनीं कळतें. रॅम कमी पडली तर नवी पट्टी बसवितां येते. ग्राफिक्स कार्ड जुनें झालें तर तें एकटें बदलतां येतें. परंतु बोर्ड बदलावयाचा म्हणजे पुष्कळदां त्याबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीनें हा जवळजवळ दुसऱ्यांदां संगणक घेण्याचाच खर्च होय.

असा संगणक घरीं जुळवितां येतो, याचें श्रेय मुख्यतः दोन घटनांना आहे. १९८१ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. त्याच्या मुख्य बोर्डावर जादा कार्डें बसविण्यासाठीं पांच खांचा होत्या. आणि कंपनीनें विद्युन्मंडलांच्या आकृत्यांसह त्याची तांत्रिक माहिती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्यामुळें इतर कारखानदारांना त्याला जुळणारे भाग करतां आले. पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ‘ए. टी. एक्स.’ नांवाचें माप ठरवून दिलें: ३०५ मिलिमीटर लांबी, २४४ मिलिमीटर रुंदी, आणि स्क्रूंचीं भोंकें नेमल्या जागीं. एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्यें विनातक्रार बसतो, तो या मापामुळें. २४४ मिलिमीटर चौरस ‘मायक्रो ए. टी. एक्स.’ आणि १७० मिलिमीटर चौरस ‘मिनी आय. टी. एक्स.’ हे त्याचे धाकटे भाऊ. घरगुती वापरास मधला बहुधा पुरतो. सर्वांत धाकटा टेबलावर शोभतो खरा. पण रॅमच्या दोन आणि कार्डाची एक एवढ्याच खांचा त्यावर असतात, म्हणजे पुढील वाढीस जागा नाहीं.

बोर्डाचें बाह्य माप असें सर्वमान्य झालें. प्रोसेसर ज्यांत बसतो त्या सॉकेटाचें मात्र तसें झालें नाहीं, आणि खरी मेख तेथेंच आहे. इंटेलनें २०१५ सालीं ११५१ टोंकांचें सॉकेट आणलें. २०१७ च्या अखेरीस तिचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांचीही टोंकें ११५१ च होतीं. पण जुन्या बोर्डांवर ते चालण्याची सोय कंपनीनें ठेविली नाहीं. पत्रिका जुळली, परंतु लग्न लागलें नाहीं. दोन वर्षांपूर्वीं घेतलेला बोर्ड धडधाकट असूनही त्याच्या वाढीची वाट बंद झाली.

ए. एम. डी. या कंपनीच्या ‘ए. एम. ४’ सॉकेटाची हकीकत याहून निराळी आहे. हें सॉकेट २०१६ सालीं आलें आणि २०२० पर्यंत तेंच चालवूं, असें कंपनीनें सांगितलें होतें. मे २०२० मध्यें मात्र तिनें जाहीर केलें कीं, यापुढचे प्रोसेसर केवळ सर्वांत नव्या पिढीच्या बोर्डांवरच चालतील. संगणक सुरू होतांच सर्व भागांची ओळख पटविणारी जी मूळ आज्ञावली, तिला बायॉस म्हणतात. ती ज्या चिपमध्यें राहते, ती पुष्कळ बोर्डांवर अवघ्या १६ मेगाबाइटांची होती. तींत इतक्या प्रोसेसरांची माहिती मावेना, असें कारण देण्यांत आलें. ग्राहकांनीं तीव्र नापसंती दर्शविली, आणि त्याच महिन्यांत कंपनीनें आदल्या पिढीच्या बोर्डांपुरता आपला निर्णय फिरविला. २०२२ सालीं तर २०१७ मधील बोर्डांनाही ही सवलत मिळाली. ज्यांच्या बोर्डाच्या कारखानदारानें त्याप्रमाणें नवा बायॉस दिला, त्यांना पांच वर्षांच्या जुन्या बोर्डावर केवळ प्रोसेसर बदलून संगणकाला नवें आयुष्य देतां आलें.

या दोन हकीकतींतून खरेदीपूर्वीं विचारण्याचे दोन प्रश्न निघतात. हें सॉकेट आयुष्याच्या आरंभीं आहे कीं अखेरीस? आणि कारखानदारानें प्रसिद्ध केलेल्या यादींत आपला प्रोसेसर, बायॉसच्या कोणत्या आवृत्तीपासून, नमूद आहे? दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण दुकानांत वर्षभर पडून राहिलेल्या बोर्डावर जुना बायॉस असेल, तर नवा प्रोसेसर बसवूनही पडदा काळाच राहतो. प्रोसेसरावांचून बायॉस बदलण्याचें बटण कांहीं बोर्डांना असतें. तें या प्रसंगीं उपयोगीं पडतें.

रॅमच्या बाबतींतही अशीच सावधगिरी हवी. डी. डी. आर. ४ आणि डी. डी. आर. ५ या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांना २८८ टोंकें असतात, पण मधली खांच निराळ्या जागीं असते. म्हणून एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. इंटेलच्या २०२१ मधील १७०० टोंकांच्या सॉकेटासाठीं दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले, आणि नांवांत एखाद्या अक्षराचाच फरक राहिला. खोक्यावरील पूर्ण नांव वाचल्याखेरीज पैसे देऊं नयेत, हें येथें विशेष लागू पडतें.

आतां विजेचा विचार. एस. एम. पी. एस. कडून बोर्डाला १२ व्होल्टची वीज मिळते. प्रोसेसरला सुमारें सव्वा व्होल्ट लागतो. १०० वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला या हिशेबानें ८० अँपियर प्रवाह पुरवावा लागतो. घरांतील जाड पिनांचा प्लग १६ अँपियरांचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे सॉकेटाभोंवतींच्या त्या बारीक भागांवर केवढा भार पडतो याची कल्पना येईल. हे भाग तापतात. त्यांवर धातूचें उष्णताशोषक झांकण असावें. मोठा प्रोसेसर स्वस्तांतल्या स्वस्त बोर्डावर बसविला, तर तापलेला बोर्ड त्याचा वेग उतरवितो, आणि प्रोसेसरसाठीं मोजलेले जादा पैसे वायां जातात. छत्तीसगडपासून विदर्भापर्यंतच्या उन्हाळ्यांत ही गोष्ट अधिकच जाणवते.

बोर्डाच्या नांवांतील अक्षरें त्याची योग्यता सांगतात. इंटेलच्या बाजूस ‘एच’, ‘बी’ आणि ‘झेड’, ए. एम. डी. च्या बाजूस ‘ए’, ‘बी’ आणि ‘एक्स’. समजा, एखाद्या घरांतील मुलीला वास्तुकलेच्या शिक्षणासाठीं संगणक हवा आहे. तिला एक ग्राफिक्स कार्ड, दोन एस. एस. डी. आणि रॅम वाढविण्यास जागा लागेल. मधल्या ‘बी’ वर्गाचा चार खांचांचा बोर्ड तिला पुरेल. प्रोसेसरला नेमल्यापेक्षां अधिक वेगानें पळविण्याची हौस नसतांना ‘झेड’साठीं पैसे मोजणें व्यर्थ, आणि रंगीत दिव्यांनीं तर एकही रेषा लवकर उमटत नाहीं. कांहीं बोर्डांवर दुसरी एस. एस. डी. बसविली कीं जुन्या हार्डडिस्कच्या एक-दोन जोडण्या आपोआप बंद पडतात. हें जाहिरातींत नसतें, माहितीपुस्तिकेंत असतें. ती पुस्तिका कारखानदाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. खरेदीपूर्वींची एक संध्याकाळ तिच्या वाचनांत खर्चावी.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, दुकानांतच खोकें उघडून पाहावें. आजच्या बहुतेक सॉकेटांत केसासारख्या बारीक पिना बोर्डावरच असतात. त्यांतली एक वांकली तरी बोर्ड निकामी होऊं शकतो, आणि तसा बोर्ड वॉरंटींत परत घेत नाहींत. म्हणून पिना उजेडांत पाहाव्या, सॉकेटावरचें प्लॅस्टिकचें टोपण जपून ठेवावें, आणि बोर्डाचा अनुक्रमांक लिहिलेलें पक्कें बिल घ्यावें. घरच्या प्लगाचें अर्थिंग आधीं तपासून घ्यावें. तें नसेल तर उत्तम बोर्डालाही धोका राहतो.

पैशांच्या वांटणींत मदरबोर्डाचा वांटा मोठा असण्याची गरज नाहीं. विचारांत मात्र त्याचा क्रमांक पहिला असावा. चार वर्षांनीं संगणक मंद वाटूं लागेल, तेव्हां त्या घरापुढें दोनच वाटा असतील: एखादा भाग बदलून तोच चालविणें, किंवा सर्व मोडींत काढणें. त्यांतली कोणती खुली राहील, याचा निकाल बोर्ड निवडला त्याच दिवशीं पुष्कळसा लागलेला असतो.