मागची चाकं रुंद

रेडिओवर मला बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. आज मी मोटारीच्या टायरवर बोलणार आहे. मी मेकॅनिक नाही, बी.ए. आहे. पण या गोष्टीत माझे पैसे गुंतले होते, आणि पैशापेक्षा मोठं असं बरंच काही गुंतलं होतं, म्हणून बोलतो.

माझ्या भाच्यानं कर्ज काढून एक लहान गाडी घेतली. सहा महिने झाले असतील, एका संध्याकाळी तो घरी आला. म्हणाला, "मामू, मागची दोन चाकं रुंद करायची आहेत." मी विचारलं, "का रे बाबा? आहेत त्यांना काय झालं?" तो म्हणाला, "गाडी रोडला चिकटून बसते. ग्रिप वाढते. आणि दिसते कशी ते बघा." त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. मागून भरलेली, पुढे निमुळती गाडी. झेप घेण्याआधी मांजर मागच्या पायांवर दबून बसतं, तशी. मला ते चित्र आवडलं. खोटं कशाला बोलू? खर्चातले निम्मे पैसे मी ईदी म्हणून देऊन टाकले. आपानं, म्हणजे त्याच्या आईनं, दोघांनाही वेड्यात काढलं.

मागचं चाक मोठं आणि रुंद म्हणजे ताकद, हे आपल्या डोक्यात कुठून आलं असेल? मला वाटतं ट्रॅक्टरवरून. मागे पुरुषभर उंचीची चाकं, पुढे लहान. भातखाचरात चिखलणी करताना त्याच मागच्या चाकांना लोखंडी केजव्हील लावून ती आणखी रुंद करतात. मालट्रकलाही मागे जोडटायर असतात. पण ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाते, आणि ट्रकचा माल मागच्या चाकांवर बसतो. भाच्याच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. आजकालच्या बहुतेक लहान गाड्यांसारखं तिचं इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकं पुढची, वळणारीही पुढचीच. ब्रेक दाबला की जास्त भार येतो तोही पुढच्याच चाकांवर. मागची दोन चाकं बिचारी पाहुण्यासारखी मागून येतात. ज्यांच्याकडे सगळं काम त्यांना आम्ही जुनीच चप्पल ठेवली, आणि पाहुण्यांना नवे बूट घेतले.

टायरच्या अंगावर आकडे असतात, ते मी तोपर्यंत कधी वाचले नव्हते. भाच्याच्या मूळ टायरवर १८५/६५ आर १५ असं होतं. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही उंची नव्हे, टक्केवारी आहे. बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. आता गंमत बघा. ज्या गॅरेजमध्ये काम झालं तिथं मागे २०५/६५ आर १५ टायर घातले. पहिल्या इनोव्हा गाडीचं हेच माप, त्यामुळे बाजारात सहज मिळणारा टायर. पुढचा आकडा तोच आहे, १५ तोच आहे, मग बसलं, असा हिशोब. पण २०५ चे ६५ टक्के हे १८५ च्या ६५ टक्क्यांपेक्षा जास्त असतात, हे सातवीतलं गणित कुणी केलं नाही. मीही केलं नाही. मूळ चाकाचा पूर्ण व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास, नव्याचा ६४७ च्या वर. म्हणजे गाडी मागून १३ मिलिमीटर उचलली गेली. जे चाक रुंद करताना उंची तीच ठेवायची असते, त्याची टक्केवारी कमी करावी लागते. २०५/६० घातले असते तर फरक व्यासात पाच-सहा मिलिमीटरवर आला असता.

लगेच दोन गोष्टी झाल्या. एबीएसचा दिवा मधूनच लागायला लागला. ब्रेकची ही यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याचा वेग एकमेकांशी ताडून पाहते, आणि आमची मागची चाकं पुढच्यांपेक्षा चार टक्के सावकाश फिरत होती. दुसरं, मागे तीन माणसं बसली आणि खड्डा आला की मडगार्डच्या आतून घासल्याचा आवाज. नव्या अॅलॉय रिमा रुंद होत्या आणि चाक बाहेर दिसावं म्हणून कमी ऑफसेटच्या निवडलेल्या. रिम हबला जिथं टेकते ती बाजू रिमच्या मधल्या रेषेपासून किती अंतरावर आहे, ते ऑफसेट. ते कमी केलं की चाक तेवढं बाहेर येतं. रुबाब वाढतो आणि बेअरिंगवरचा ताणही वाढतो. भाच्यानं टेप रेकॉर्डरचा आवाज वाढवला. दोन्ही तक्रारी मिटल्या.

२०२३ च्या पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला एका लग्नाला निघालो. भाचा गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे आपा आणि आणखी दोघी. आंबा घाट उतरताना पाऊस भुरभुर होता. रस्ता नुसता ओला. एका डाव्या वळणावर त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळलीच नाही. म्हणजे वळली, पण जेवढं सांगितलं तेवढी नाही. पुढचं तोंड सरळच्या सरळ उजवीकडच्या लेनमध्ये गेलं. समोरून एसटी चढत होती. त्या ड्रायव्हरनं ती कशी थांबवली मला माहीत नाही. आमचा बॉनेट आणि तिचा बंपर यांच्यात एक हात अंतर राहिलं असेल. ड्रायव्हर उतरला नाही, शिवीही दिली नाही. नुसता बघत राहिला. मागच्या सीटवरून आपाचा कलमा ऐकू येत होता. परत येताना मलकापूरच्या अलीकडे रस्त्यावर पाणी साचलं होतं, तिथं उलटंच झालं. गाडीची शेपूट हलली.

मिरजेत एक टायरवाले उस्ताद आहेत, माझ्या ओळखीचे. पहिलं वाक्य ते बोलले ते असं : "आधी वेग चुकला, मग टायर चुकला." मग त्यांनी जमिनीवर खडूनं चार चौकोन काढले.

त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगतो. गाडी वळणात असते तेव्हा चारही टायर थोडे थोडे बाहेर सरकत असतात. मागचं अंग थोडं सरकलं की तोंड आत यायला मदत होते. पुढच्यांची पकड होती तेवढीच राहिली आणि मागच्यांची वाढवली, तर मागचं सरकत नाही, मग तोंडही आत येत नाही. गाडी बाहेर बाहेर जाते. कंपन्या लहान गाड्यांत हा स्वभाव मुद्दाम थोडासा ठेवतात, कारण घाबरलेला माणूस अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि अशी गाडी त्यानं सावरते. आम्ही त्या थोड्याचं बरंच केलं.

आणि पाण्यात शेपूट का हलली? इथं मला सगळ्यात नवल वाटलं. टायर रुंद केला म्हणून रस्त्याला टेकणारी जागा फारशी वाढत नाही. ३० पाउंड हवा म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २.१ किलो. रिकाम्या लहान गाडीच्या मागच्या एका चाकावर समजा १८० किलो भार. भागाकार केला की येतात ८५-८६ चौरस सेंटीमीटर. आपलं पोस्टाचं कार्ड असायचं, त्याहून लहान. रुंद टायरमध्ये तीच जागा आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते. कोरड्या वळणाला आडवी जागा फायद्याची. पण साचलेलं पाणी कापायला रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते सारायला लांबी कमी मिळते. हलकं, रुंद चाक आधी तरंगतं. म्हणजे आमची गाडी ओल्या घाटात एका स्वभावाची आणि साचलेल्या पाण्यात दुसऱ्याच स्वभावाची झाली होती. कोकणात उतरणाऱ्या रस्त्यावर दोन्ही एकाच तासात भेटतात.

मग मागची चाकं रुंद असणाऱ्या त्या फोटोतल्या गाड्या खोट्या का? नाही. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे असतं. भार मागे, ताकद मागे. १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी कॅरेरा आरएस मांडली, तिला पुढे ६ इंची रिम आणि १८५ चा टायर, मागे ७ इंची रिम आणि २१५ चा. शेपूट जड, ती वळणात बाहेर फेकली जाऊ नये म्हणून. फॉर्म्युला वनमध्ये २०१७ साली मागचे टायर ४०५ मिलिमीटरचे झाले, पुढचे ३०५ चे. तिथंही इंजिन मागच्याच चाकांना ढकलतं. अमेरिकेत १९५९ मध्ये आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरचंही इंजिन मागे होतं, पण चारही टायर एका मापाचे. तोल साधायला पुढे १५ पाउंड आणि मागे २६ पाउंड हवा भरा, अशी सूचना होती. हा फरक किती जण पाळणार? राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच त्या गाडीपासून केली. पुढच्या-मागच्या टायरमधला फरक हा इतका नाजूक मामला आहे, आणि आम्ही तो फोटो बघून ठरवला.

कायद्याचं उस्तादांनी शेवटी, जाता जाता सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत वाटेल ते बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला एका बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाच्यानं विचारलं, "मग उस्ताद, ग्रिप हवी असेल तर?" ते म्हणाले, "चारही एका मापाचे चांगले टायर घे. दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी हवा ठेव. दोनच नवे घेतलेस तर ते मागे टाक, म्हणजे ओल्यात शेपूट सुटणार नाही." मागे नवे टाकायचे हे ऐकून भाच्याचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "नवे म्हटलं, रुंद नाही."

त्याच दिवशी जुने टायर परत चढले. दिवा लागायचा थांबला. आपा पुढचे दोन महिने त्या गाडीत बसली नाही; आता बसते, पण घाटाआधी उतरून चहा प्यायला लावते.

त्या दोन अॅलॉय रिमा तिच्या घरी जिन्याखाली आहेत. भाचा म्हणतो, विकून तुमचे पैसे परत करतो. गिऱ्हाईकं येतात, बघतात, विचारतात, "बाकीच्या दोन कुठायत?" आणि जातात.