रूप आणि हिशेब

सांगली जिल्ह्यांतील विटा हें यंत्रमागांचें गांव. मागाच्या धंद्यांतील माणसांस एक गोष्ट ठाऊक असते, ती ही कीं, जकार्ड मागावर नक्षी बदलावयाची झाली तर माग मोडावा लागत नाहीं. भोंकें पाडलेल्या पत्त्यांची माळ तेवढी बदलली म्हणजे झालें. विणण्याचें काम मागाचें, नक्षी ठरविण्याचें काम पत्त्यांचें. फ्रान्समधील जोसेफ जकार यानें १८०४ च्या सुमारास पुढें आणलेली ही विभागणी आज संकेतस्थळें रचणाऱ्यांनाहि बोधप्रद आहे.

संकेतस्थळाच्या पानामागें दोन निरनिराळीं कामें चाललेलीं असतात. माहिती शोधणें, बेरीज करणें, कोणाला काय पाहण्याचा अधिकार आहे हें ठरविणें, हें एक. आणि ती माहिती कोणत्या रकान्यांत, कोणत्या अक्षरांत दाखवावयाची, हें दुसरें. आरंभींच्या काळांत पुष्कळ ठिकाणीं हीं दोन्ही कामें एकाच लिखाणांत कालवलेलीं असत. मथळ्याचा रंग बदलावयास गेलेल्या माणसाच्या हातून मग बेरीजच बिघडे.

यावरील उपाय मात्र संकेतस्थळांहून जुना आहे. ट्रिग्वे रेन्सकाउग या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत असतांना, तीन विभाग सुचविले : माहिती व तिचे नियम, तिचें दर्शन, आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा पोंचविणारा नियंत्रक. पुढें त्यांचेच देशबंधु होकोन विउम ली यांनीं १९९४ सालीं पानाचा मजकूर व त्याची सजावट वेगळी ठेवणारी सीएसएस ही पद्धति मांडली.

या विभागणीचें मोल कळण्यास सातबाऱ्याचें उदाहरण पुरेसें आहे. विटा हें खानापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण. तेथील शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क गांवनमुना सातमध्यें व पिकांची नोंद बारामध्यें असते. २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें या उताऱ्याचा नमुना बदलला. गांवाचा सांकेतिक क्रमांक व शासनाचें बोधचिन्ह त्यावर आलें. उतारा नवा दिसूं लागला, म्हणून कोणाचें शेत गुंठाभरहि वाढलें वा घटलें नाहीं. आतां श्रोत्यांनीं उलट कल्पना करावी. क्षेत्राच्या बेरजेचा नियम भ्रमणध्वनीवरील पानांत एकदां व छापील उताऱ्याच्या पानांत पुन्हां लिहिला, आणि पुढें दुरुस्ती एकीकडेच झाली. एकाच शेताचे दोन आंकडे निघतील, आणि कर्जासाठीं बँकेच्या दारांत उभा असलेला शेतकरी विनाकारण खोटा ठरेल.

मात्र पानानें स्वतःचा विचार मुळींच करूं नये, असें नव्हे. रिकामा रकाना झांकणें, लांब नांव दोन ओळींत बसविणें, हे निर्णय पानाचेच. कसोटी सोपी आहे. जो निर्णय चुकल्यास केवळ डोळ्यांस खटकेल, तो पानाकडे द्यावा. जो चुकल्यास कोणाचा हक्क बुडेल, तो मूळ नियमांकडेच ठेवावा. लहान कामांत ही विभागणी जड वाटते खरी. परंतु पानाचें रूप पालटण्याची वेळ आज ना उद्यां येतेच, आणि त्या वेळीं हिशेबाला हात लावावा लागत नाहीं, हेंच त्या श्रमांचें फळ होय.