जुन्या मोटारीचा क्लच

लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील १९४८ च्या मोटार-प्रदर्शनांत 'मॉरिस मायनर' ही छोटी गाडी प्रथम लोकांपुढें आली. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनीं तिची रचना केली होती. सामान्य गृहस्थाला ती परवडावी, थोड्या जागेंत मावावी आणि चालवावयास सुखाची असावी, हा तिच्या निर्मात्यांचा हेतु होता. १९६० च्या अखेरीस तिची संख्या १० लक्षांवर गेली. इतका पल्ला गांठणारी ती पहिलीच ब्रिटिश मोटार होय. १९७१ सालीं तिचें उत्पादन संपलें, तेव्हां हा आंकडा १६ लक्षांच्या आसपास पोंचला होता. हिंदुस्थानांतहि 'बेबी हिंदुस्थान' या नांवानें तिचीच एक बहीण एके काळीं रस्त्यांवर दिसे.

कारखान्यानें हात आंखडता घेतल्यास अर्धशतक लोटलें. तरी इंग्लंडांतील कित्येक घरांच्या दाराशीं ही गाडी अजून उभी असते, आणि तिचीं लहानमोठीं दुखणीं तिचे मालक स्वतःच्या हातांनीं बरीं करतात. त्यांपैकीं क्लच निकामी होणें हें मोठें कष्टाचें दुखणें. जी तबकडी बदलावयाची ती जेमतेम फुलक्याएवढी; पण तिच्यापर्यंत हात पोंचण्यासाठीं गाडीचें पोट उघडावें लागतें.

क्लचचें कार्य समजण्यास फारसें अवघड नाहीं. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नांवाचें एक जड चाक बसविलेलें असतें, व इंजिन चालूं असेपर्यंत तें अखंड फिरतें. या चाकाला लागून एक पातळ तबकडी असते. तिच्या दोन्ही अंगांस घर्षण उत्पन्न करणारें अस्तर लावलेलें असतें, आणि तिच्या मध्यावरील दांतेरी भोकांत गीअरबॉक्सचा दांडा शिरलेला असतो. तिच्यामागें बिडाची एक थाळी स्प्रिंगांच्या जोरानें तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. त्यामुळें इंजिनाची शक्ति चाकांकडे जाते. चालकानें पेडल दाबलें कीं, थाळी मागें सरते, तबकडी मोकळी होते आणि शक्तीचा ओघ तुटतो.

या क्लचचे रोग मुख्यतः दोन. पहिला घसरण्याचा. गाडी चढणीला लागली असतां इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाहीं. कधीं कधीं जळका वासहि येतो. दुसरा न सुटण्याचा. पेडल पूर्ण दाबूनहि गीअर घालतांना दांत करकरतात, आणि गीअर पडतांच गाडी हळूहळू पुढें सरकूं लागते. कोणता रोग आहे हें निश्चित ठरविल्याशिवाय पान्याला हात लावूं नये; कारण दोहोंची कारणें निराळीं आहेत.

क्लच सुटत नसेल, तर प्रथम पेडलापासून क्लचपर्यंत जाणारे दांडे व तरफा पाहाव्या. मॉरिस मायनरमध्यें ही सर्व जोडणी यांत्रिक आहे. तिच्यांतील बुश झिजले म्हणजे पायाचा अर्धा जोर वाटेंतच खर्ची पडतो, आणि निर्दोष क्लचवर उगीच आळ येतो. गाडी सबंध हिवाळाभर दमट जागीं उभी राहिली असेल, तर तबकडी गंजानें फ्लायव्हीलला चिकटून बसण्याचाहि संभव असतो.

घसरणाऱ्या क्लचची गोष्ट वेगळी. अस्तर झिजलें आहे असा निष्कर्ष काढून मालक नवी तबकडी आणतो, मोठ्या कष्टानें बसवितो, आणि थोड्याच महिन्यांत क्लच पुन्हां घसरूं लागतो. असें होण्याचें कारण हें कीं, तबकडी ही बहुधा अपराधी नसून अपराधाचा बळी असते. खरा अपराधी कधीं इंजिनांतून झिरपणारें तेल असतें. या इंजिनाच्या मागील टोकाला आजच्यासारखी रबरी सील नाहीं. फिरत्या दांड्यावरील आंट्यांनीं तेल परत आंत लोटावें, अशी योजना आहे. पिस्टन झिजून इंजिनाच्या पोटांत दाब वाढला, किंवा हवा बाहेर सोडणारी नळी तुंबली, म्हणजे तेल त्या वाटेनें बाहेर येऊन अस्तर भिजवितें. कधीं अपराधी चालकाचा पाय असतो. सहज विसावा म्हणून तो पेडलावर टेकलेला राहतो. या गाडींत थाळी मागें ओढणारें बेअरिंग म्हणजे गोळ्यांचें नव्हे, तर कार्बनची एक कडी असते. अशा सततच्या स्पर्शानें ती झिजते आणि तबकडीहि घसरते. म्हणून तेलाची वाट बंद केल्यावांचून आणि पायाची संवय मोडल्यावांचून नवी तबकडी बसविणें व्यर्थ होय.

प्रत्यक्ष कामाचे मार्ग दोन आहेत. इंजिन पुढून वर उचलून काढावें, किंवा आंतील फरशीवरचें झांकण व खालचा आडवा आधार काढून गीअरबॉक्स उतरवावा. कोणताहि मार्ग धरला तरी पहिलें काम बॅटरीची तार सोडण्याचें, आणि दुसरें गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर उभी करण्याचें. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं क्षणभरहि शिरूं नये. जॅक हा गाडी उचलण्याकरितां आहे, धरून ठेवण्याकरितां नव्हे. गीअरबॉक्स किंवा इंजिन सुटें करतांना त्याचें वजन तबकडीच्या मध्यावर लोंबूं देऊं नये. नाहीं तर ती वांकते.

आंतील भाग उघडतांच काळसर धूळ दिसते. येथें सर्वांत अधिक सावधगिरी पाहिजे. त्या काळच्या क्लचच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतु सर्रास वापरीत. ब्रिटनमध्यें १९९९ सालीं त्याच्या वापरावर बंदी आली; तथापि जुन्या गाडींत, किंवा जुन्या सांठ्यांतील सुट्या भागांत, ते अजून असूं शकतात. हे तंतु श्वासावाटे फुप्फुसांत रुतून बसतात, आणि त्यांपासून होणारे कर्करोग कित्येकदां ३०-४० वर्षांनीं प्रकट होतात. म्हणून ती धूळ फुंकूं नये व झाडूंहि नये. सूक्ष्म धूळ अडविणारा मुखवटा बांधावा, ओल्या फडक्यानें ती टिपून घ्यावी, फडकें पिशवींत घट्ट बांधून वेगळें ठेवावें, आणि मुलांना त्या जागेपासून दूर राखावें. गाडी दुरुस्त होऊन देह बिघडला, तर तो सौदा महागाचा ठरेल.

थाळीचे बोल्ट एकदम न सोडतां समोरासमोरचे थोडे थोडे सैल करावे. मग फ्लायव्हीलचा चेहरा निरखावा. त्यावर खोल चरे किंवा भेगा असल्या, अथवा उष्णतेनें निळे डाग पडले असले, तर तें कारखान्यांत दाखवावें. नवी तबकडी आणण्यापूर्वीं जुनी मोजून पाहावी. कारण ९४८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला सव्वासहा इंची, आणि १०९८ च्या इंजिनाला सव्वासात इंची तबकडी लागते, व इतक्या वर्षांत कित्येक गाड्यांचीं इंजिनें बदललेलीं असतात. बसवितांना तबकडीची बाजू चुकूं नये, अस्तराला तेलकट बोट लागूं नये, आणि योग्य मापाच्या दांड्यानें ती बरोबर मध्यावर धरून मगच बोल्ट आवळावे. गीअरबॉक्स सरळ रेषेंत आला म्हणजे दांडा आपण होऊन आंत शिरतो. शिरत नसेल तर बोल्टांनीं ओढून बसवूं नये. पुन्हां मागें घेऊन रेषा पाहावी. शेवटीं पेडलाला ठरलेली मोकळी चाल ठेवावी. ती नसेल, तर नवा क्लचहि पहिल्या दिवसापासून घसरूं लागेल.

हें काम अननुभवी माणसाचे दोन रविवार सहज घेईल. घाई करणाऱ्याला तें पुन्हां करावें लागतें. ज्यानें बिघाडाचें मूळ शोधलें, त्याची गाडी दुरुस्तीनंतर पहिल्याच चढणीवर हें सांगते: आवाज चढतो आणि त्याबरोबर वेगहि चढतो. त्या वेळीं चालकाचा डावा पाय पेडलावर नसून शेजारीं फरशीवर टेकलेला असावा, म्हणजे झालें.