मोटारीचे ब्रेक व त्यांतील हवा

माहूरगडावरून मोटार खालीं उतरूं लागली कीं चालकाचा पाय ब्रेकवरून फारसा हलत नाहीं. किनवटहून रेणुकेच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबाची गाडी जुनी असेल आणि सारा पावसाळा एका जागीं उभी राहिलेली असेल, तर त्याच उतारावर एक भयंकर प्रकार घडण्याचा संभव असतो. चढतांना व्यवस्थित लागणारा ब्रेक उतरतांना एकाएकीं मऊ पडतो. पेडल तळाशीं जातें, पण गाडी थांबत नाहीं.

कोठेंहि गळती नसतां असें झालें तर दोष तेलांत असतो. द्रव पदार्थ दाबानें आकसत नाहीं, म्हणून पायाचा जोर नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोंचतो. मालकम लॉकहीड या अमेरिकन यंत्रज्ञानें अशा ब्रेकचें पेटंट १९१७ सालीं घेतलें, व १९२१ पासून ड्यूसेनबर्ग गाडींत ते दिसूं लागले. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें जुळविल्या गेलेल्या डॉज व प्लिमथ, आणि नंतरची फियाट, या सर्वांत हीच योजना होती. मात्र नळींत हवा शिरली कीं सारा जोर ती हवा दाबण्यांतच खर्च होतो. शिवाय हें तेल दमट हवेंतील पाणी शोषून घेतें. डॉट ३ प्रतीचें कोरें तेल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं, शेंकडा ३.७ पाणी मिसळलें कीं ही मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर तापलेल्या ड्रमाजवळ मग वाफ होते, आणि वाफहि हवेसारखीच दबते.

ही हवा बाहेर काढण्याचा दरवाजा म्हणजे ब्लीडर निपल. तो चाकाच्या मागील पत्र्यावर, सिलिंडरच्या सर्वांत उंच भागीं असतो, कारण बुडबुडे वरच जमतात. नळी जोडलेला नट निराळा व ब्रेक जवळ घेण्याचा चौकोनी खुंटा निराळा. ग्रीसच्या निपलशीं त्याची गल्लत नवशिक्याकडून हटकून होते. ग्रीसच्या टोकाशीं बारीक गोळी असते. ब्लीडरच्या टोकाशीं उघडें छिद्र, आणि त्यावर रबराची टोपी. ही टोपी बहुतेक जुन्या गाड्यांवरून नाहींशी झालेली असते. छिद्रांत चिखल बसतो व आंट्या गंजतात, त्याचें मूळ बहुधा येथेंच असतें.

गंजलेला निपल जोरानें पिळूं नये. तो तुटला तर सारा सिलिंडर उतरवावा लागतो, आणि जुन्या गाडीचा सिलिंडर शोधणें हें स्वतंत्र संकटच. आदल्या दिवशीं तारेच्या ब्रशनें घाण काढून गंज सोडविणारें तेल मुळाशीं सोडावें, हातोडीनें हलके ठोके द्यावे व सहा पैलूंचा बंद पाना लावावा. उघड्या तोंडाचा पाना डोक्याच्या कडा झिजवून टाकतो.

हवा काढण्यास दोन माणसें हवींत. उजव्या हाताच्या गाडींत सामान्यतः मागच्या डाव्या चाकापासून, म्हणजे सर्वांत दूरच्या चाकापासून, आरंभ करतात. गाडीच्या पुस्तकांत निराळा क्रम असेल तर तोच पाळावा. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचें दुसरें टोंक तेल घातलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल अर्धा फेरा सैल करावा, बुडबुडे गेले कीं आवळावा, आणि मगच पेडल सोडावें. हा क्रम उलटला तर बाहेर गेलेली हवा परत आंत येते. वरचें भांडें रिकामें होऊं देणें ही चूक मात्र सर्वांत वाईट. मग सारें काम पहिल्यापासून!

भांड्यांत इंजिनचें तेल चुकूनहि घालूं नये, त्यानें रबर फुगतें. ब्रेकचें तेल रंगावर सांडल्यास लगेच पाण्यानें धुवावें, नाहीं तर रंग सुटतो. दर दोन वर्षांनीं तेल बदलावें, निपल बेताचाच आवळावा व त्यावर नवी टोपी बसवावी. गाडी प्रथम जागच्या जागीं, मग सपाट रस्त्यावर हळू चालवून तपासावी, आणि त्यानंतरच माहूरची वाट धरावी.